दाखवलेली किंमत आणि आकारलेली रक्कम : एका ऑनलाइन दुकानाच्या बहुचलनी किमतींचे प्रकरण

चित्रकलेचे साहित्य विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाने अनेक वर्षे आपल्या सगळ्या किमती फक्त अमेरिकी डॉलरमध्ये दाखवल्या. ग्राहक मात्र जपान, युरो क्षेत्र, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, कुवेत असे दूरदूर पसरलेले होते, आणि ‘आमच्या चलनात हे किती होतात?’ हा प्रश्न त्यांच्याकडून सतत येत असे. त्यावर उपाय म्हणून दुकानाने संकेतस्थळावर एक तयार चलन-रूपांतरक बसवला. काही आठवड्यांतच चौकशा थांबल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. पूर्वी ग्राहक विचारत होते; आता ते फसवणूक झाल्याचे लिहू लागले. या टप्प्यावर संचालिकांनी मला बोलावले. पुढे येणारे दर आणि रकमा हिशेब नीट कळावा म्हणून मी बसवलेल्या आहेत; ते कोणत्याही विशिष्ट दिवसाचे दर नाहीत. घडलेल्या गोष्टींचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

रूपांतरक काय करत होता

रूपांतरकाची रचना साधी होती. पान ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडले की एक स्क्रिप्ट त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, देश ओळखत असे, डॉलरमधील किमतीला त्या देशाच्या चलनाच्या दराने गुणत असे आणि डॉलरच्या आकड्याच्या जागी नवा आकडा लिहीत असे. हा बदल फक्त पडद्यावर होत होता. डेटाबेसमध्ये किंमत डॉलरमध्येच होती, ऑर्डर डॉलरमध्येच नोंदली जात होती आणि पेमेंट गेटवेकडे, म्हणजे कार्डाचे पैसे घेणाऱ्या मध्यस्थ सेवेकडे, रक्कमही डॉलरमध्येच जात होती. चेकआउटच्या शेवटच्या पायरीवर बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘आपल्याकडून अमेरिकी डॉलरमध्ये रक्कम आकारली जाईल’, पण तिथपर्यंत पोचलेल्या ग्राहकाने चार पानांवर येन पाहिलेले असत. चार पानांवर ठळकपणे सांगितलेली गोष्ट एका बारीक ओळीने मागे घेता येत नाही, असे माझे मत पहिल्याच दिवशी झाले आणि ते पुढे बदलले नाही.

येथे तीन चलनांतला फरक समजून घ्यावा लागतो. पहिले दाखवण्याचे चलन, म्हणजे ग्राहकाला पानावर दिसते ते. दुसरे आकारण्याचे चलन, म्हणजे ज्या चलनात त्याच्या कार्डावर रक्कम टाकली जाते ते. आणि तिसरे जमेचे चलन, म्हणजे ज्या चलनात दुकानाच्या खात्यावर पैसे येतात ते. दुसरे आणि तिसरे वेगळे असले तर तो दुकान आणि गेटवे यांच्यातला व्यवहार असतो आणि त्याची झळ दुकान सोसू शकते. पहिले आणि दुसरे वेगळे असले की झळ ग्राहकाला बसते, आणि ती किती बसेल हे खरेदीच्या क्षणी ना ग्राहकाला सांगता येते, ना दुकानाला. या दुकानात नेमके तेच झाले होते.

एका तक्रारीचा हिशेब

जपानमधील एका ग्राहक महिलेने ब्रशांचा एक संच घेतला होता. तिने तक्रारीसोबत दोन चित्रे जोडली होती: डावीकडे संकेतस्थळाचे पान आणि उजवीकडे बँकेचे विवरण. पानावर ६,९६० येन होते आणि विवरणात ७,२२२ येन. तिने मजकूर दोन ओळींचाच लिहिला होता. वाढीव २६२ येन कशाचे, एवढेच तिला विचारायचे होते. दुकानातील कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून आम्ही ती रक्कम सुटी करून पाहिली.

संचाची किंमत ४८ डॉलर होती. रूपांतरक युरोपीय मध्यवर्ती बँकेचे संदर्भ दर वापरत होता. हे दर कामाच्या प्रत्येक दिवशी मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास प्रसिद्ध होतात, ते युरोच्या तुलनेत दिलेले असतात आणि ते केवळ माहितीसाठी आहेत, असे ती बँक स्वतःच सांगते. डॉलरचा येनमधील दर हवा असेल तर युरोचा येनमधील दर युरोच्या डॉलरमधील दराने भागावा लागतो. त्या भागाकारातून १४५ हा दर आला होता, आणि ४८ गुणिले १४५ म्हणजे ६,९६०. इथवर काहीच चुकले नव्हते.

खरेदी मात्र ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी झाली होती. गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार या दोन्ही दिवशी हे दर निघत नाहीत आणि मधल्या शनिवार-रविवारीही निघत नाहीत. त्यामुळे मंगळवारी सकाळी पानावर दिसत होता तो आधीच्या गुरुवारचा, म्हणजे जवळजवळ पाच दिवस जुना दर. बाजार तेवढा वेळ थांबलेला नव्हता. व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कार्ड जाळ्याने व्यवहाराला लावलेला दर १४७.५ होता, म्हणजे ७,०८० येन. त्यावर ग्राहकाच्या बँकेने परकीय चलनातील व्यवहाराचे दोन टक्के शुल्क घेतले, ते १४१.६ येन. बेरीज ७,२२१.६, पूर्णांकात ७,२२२. २६२ येनपैकी १२० शिळ्या दराचे होते आणि १४२ बँकेच्या शुल्काचे. दुकानाला यातला एकही येन मिळाला नव्हता, आणि तरीही फसवणुकीचा ठपका दुकानावर आला होता. तो अन्यायाचा होता असे मला वाटत नाही. ग्राहकाला ६,९६० हा आकडा दुकानाने सांगितला होता, कार्ड जाळ्याने किंवा बँकेने सांगितला नव्हता.

या तक्रारीचा दुसरा भाग अधिक बोचणारा आहे. ग्राहकाने संच परत केला आणि दुकानाने नियमाप्रमाणे पूर्ण ४८ डॉलर परत पाठवले. परताव्याच्या दिवशी लागलेला दर १४४ होता, म्हणून तिच्या खात्यावर ६,९१२ येन आले. बँकेचे शुल्क परत आले नाही. दुकानाच्या वहीत हा व्यवहार शून्यावर बंद झाला होता आणि ग्राहकाच्या खात्यातून ३१० येन कायमचे गेले होते. ‘आम्ही पूर्ण रक्कम परत केली आहे’ असे उत्तर तिला पाठवले गेले. त्यात खोटे काही नव्हते, पण तिच्या प्रश्नाला ते उत्तरही नव्हते.

मतभेद

उपाय काय करावा यावर दुकानात तीन मते होती. जमाखर्च पाहणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की रूपांतरक काढून टाकावा आणि पुन्हा सगळीकडे फक्त डॉलर दाखवावेत, कारण निदान त्यात खोटे काही नाही. संचालिकांना रूपांतरक ठेवायचा होता, फक्त प्रत्येक आकड्याआधी ‘अंदाजे’ हा शब्द घालून. आणि गेटवेच्या प्रतिनिधीने तिसरा मार्ग सुचवला होता, तो म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. यात पैसे भरण्याच्या क्षणी ग्राहकाला ‘तुमच्या चलनात भरा’ असा पर्याय दिला जातो, रूपांतर तिथल्या तिथे होते आणि दरात मिळवलेल्या नफ्याचा काही वाटा दुकानदारालाही मिळतो.

हा तिसरा मार्ग मी स्पष्टपणे नाकारला. ग्राहकाला आपल्या चलनात पक्का आकडा मिळतो हे खरे, पण त्या दरात मिळवलेला नफा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या बँकेच्या शुल्कापेक्षा जास्त असतो आणि घाईत पैसे भरणाऱ्या माणसाला तो दिसत नाही. ज्या दुकानावर फसवणुकीचा ठपका आला आहे त्याने अशा नफ्यातला वाटा घेऊ नये.

‘अंदाजे’ या शब्दाविषयी मात्र माझे मत इतके टोकाचे नव्हते. एखाद्या चलनात रक्कम आकारणे दुकानाला शक्यच नसेल, तर डॉलरची किंमत ठळक आणि शेजारी स्थानिक चलनातील अंदाज फिकट अक्षरांत, ही मांडणी प्रामाणिक आहे. अट एकच की दोन्ही आकडे सोबत दिसले पाहिजेत आणि कोणता आकडा खरा हे प्रत्येक पानावर दिसले पाहिजे. पण ज्या पाच-सहा चलनांतून दुकानाची बहुतेक विक्री होत होती त्या चलनांत रक्कम आकारण्याची सोय गेटवेकडे आधीपासून होती. हाताशी असलेली सोय न वापरता अंदाजावर काम भागवणे म्हणजे आपल्या कामाचा बोजा ग्राहकाच्या डोक्यावर ठेवणे होय. शेवटी ठरले ते असे: या चलनांत किंमत दाखवायची, त्याच चलनात तीच रक्कम आकारायची आणि परतावाही त्याच चलनात तेवढाच द्यायचा. विनिमयाचा धोका दुकानाने उचलायचा.

किंमतपत्रक

धोका उचलायचा म्हणजे काय, हे ठरवण्यात सर्वाधिक वेळ गेला. दर क्षणाला बदलणारी किंमत ठेवली तर दुकानाचा धोका कमी होतो, पण ग्राहकाने सकाळी पाहिलेली किंमत संध्याकाळी वेगळी दिसते, आणि ४३.८७ किंवा ७,०९९ असे आकडे पाहताच ते कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले नसून यंत्राने काढलेले आहेत हे कळते. त्यामुळे प्रत्येक चलनाचे स्वतंत्र किंमतपत्रक करायचे ठरले. ४८ डॉलरच्या संचाचे १४५ दराने ६,९६० येन होतात, गेटवे रूपांतरासाठी सुमारे दोन टक्के घेत होता, ते मिळवून ७,०९९, पत्रकात ७,१००. येनमध्ये शेकड्यावर आणून सोडायचे, स्विस फ्रँकमध्ये पाच रापेनच्या (रापेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) पटीत, कारण तेथे त्याहून लहान नाणे चलनात नाही. एकदा लिहिलेली किंमत महिनाभर हलवायची नाही, आणि महिनाअखेरीसही दर चार टक्क्यांहून अधिक सरकला असेल तरच बदलायची.

जमाखर्चवाल्या सहकाऱ्यांनी येथे एक रास्त शंका काढली: महिन्याच्या मधेच दर कोसळला तर काय? असे होते. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही आपली मर्यादा कोणतीही पूर्वसूचना न देता सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत प्रचंड वधारला. २३ जून २०१६ च्या ब्रिटनमधील सार्वमतानंतर पौंड एका रात्रीत घसरला. अशा दिवशी महिनाभर किंमत न बदलण्याचा नियम पाळत बसणे शहाणपणाचे नाही. म्हणून दर रोज तपासणारी एक छोटी प्रक्रिया बसवली. पत्रक लिहिताना असलेल्या दरापासून सात टक्क्यांहून अधिक फरक पडला की ती संचालिकांना सूचना पाठवते. किंमत ती स्वतः बदलत नाही. चुकीचा दर आला, एखादा दशांश बिंदू सरकला, तर यंत्र निमूटपणे सगळे दुकान दहापट स्वस्त करून ठेवेल; माणूस निदान एकदा थबकून पाहील.

पत्रकाचा एक लाभ आम्ही आधी गृहीत धरला नव्हता. जुन्या व्यवस्थेत नगाची किंमत वेगळी गोल होत होती आणि एकूण रक्कम वेगळी. १.३५ डॉलरची पेन्सिल ०.९२ दराने १.२४२ युरोची होते, म्हणजे १.२४. बारा पेन्सिली घेतल्या तर ग्राहकाच्या हिशेबाने १४.८८ युरो व्हायला हवेत, पण १६.२० डॉलरच्या बेरजेचे रूपांतर केले तर १४.९० येतात. दोन सेंटचा फरक कोणाला परवडत नाही असे नाही, पण बेरीज न जुळणारे बिल पाहिले की माणूस बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहू लागतो. पत्रकात नगाची किंमत हाच मूळ आकडा असल्याने ही अडचण मुळातूनच गेली.

कूपन आणि मोफत पोचवणीची मर्यादा यांकडे मात्र पहिल्या फेरीत कोणाचेच लक्ष गेले नाही. ‘५ ची सूट’ असे कूपन डेटाबेसमध्ये नुसत्या ५ या आकड्याने नोंदलेले होते, चलनाशिवाय. पत्रके सुरू झाल्याच्या दिवशी जपानी ग्राहकाला त्यातून ५ येन सूट मिळाली, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि कुवेतमधील ग्राहकाला ५ दिनार, म्हणजे १६ डॉलरच्या आसपास. तेव्हापासून या दुकानाच्या डेटाबेसमध्ये चलनाच्या संकेताशिवाय रकमेचा एकही रकाना नाही. हा नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता, आणि तो माझ्याकडून राहून गेला.

दिनाराचे तीन दशांश

चलनांचे तीन अक्षरी संकेत आयएसओ ४२१७ या मानकातून येतात: यूएसडी, जेपीवाय, सीएचएफ, केडब्ल्यूडी. ते वापरण्याचे पहिले कारण चिन्हांची संदिग्धता. डॉलरचे चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, न्यूझीलंड असे कितीतरी देश वापरतात. येन आणि युआन यांचे चिन्ह एकच. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क तिघेही क्रोन ‘केआर’ असेच लिहितात. ऑस्ट्रेलियातील ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावरूनच होत्या. रूपांतरक बंद असलेल्या पानावर नुसते डॉलरचे चिन्ह दिसे आणि ग्राहक ते आपले डॉलर समजे.

पण त्या मानकात आणखी एक गोष्ट असते, आणि प्रोग्रामरांचे तिकडे सहज दुर्लक्ष होते: त्या चलनाच्या लहान एककाचे किती दशांश धरायचे. डॉलर, युरो आणि फ्रँक यांना दोन. येन, दक्षिण कोरियाचा वॉन आणि व्हिएतनामचा डाँग यांना शून्य. कुवेत, बहरीन, जॉर्डन यांचे दिनार आणि ओमानचा रियाल यांना तीन. एका कुवेती दिनारचे एक हजार फिल्स होतात. बहुतेक गेटवे रक्कम दशांशात घेत नाहीत, लहान एककातल्या पूर्णांकात घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण संगणक अपूर्णांक सहसा द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्यात ०.१ अधिक ०.२ ही बेरीजसुद्धा नेमकी ०.३ येत नाही. दुकानाच्या जुन्या प्रोग्राममध्ये मात्र सगळीकडे ‘गुणिले १००’ लिहिलेले होते, कारण तो फक्त डॉलरसाठी लिहिला गेला होता.

येनमधली चूक चाचणीतच पकडली गेली. ७,१०० च्या जागी ७,१०,००० येन मागितले गेले आणि कार्डाने ते नाकारले. दिनारमधली चूक सुटली. १४.७५० दिनारच्या ऑर्डरसाठी १४,७५० फिल्स जायला हवे होते. १०० ने गुणल्यामुळे १,४७५ गेले आणि गेटवेने ते १.४७५ दिनार असे वाचले. किमतीच्या एक दशांश रक्कम घेतली गेली, कार्डाने काही हरकत घेतली नाही, पावती निघाली, माल गेला. हे महिनाअखेरीच्या ताळमेळात लक्षात आले, तोवर अशा अनेक ऑर्डरी पाठवून झाल्या होत्या. जास्त पैसे कापले गेले की ग्राहक त्याच दिवशी लिहितो; कमी कापले गेले तर बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून बहुचलनी व्यवस्थेची चाचणी करताना कमी रक्कम जाण्याच्या बाजूनेही तितक्याच कसोशीने पाहावे लागते, आणि ताळमेळ निदान पहिल्या महिन्यात तरी रोज करावा लागतो.

त्या ग्राहकांकडून उरलेली रक्कम मागावी का, हा प्रश्न निघाला. संचालिकांनी एका वाक्यात नकार दिला: पावतीवर जो आकडा आपण दिला तो आपला शब्द आहे. नुकसान दुकानाने सोसले.

आकडा लिहिण्याची रीतही येथेच हाती घ्यावी लागली. जर्मनीत १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास, कुवेती दिनारात इंग्रजी पद्धतीने लिहिलेले १.२५० म्हणजे सव्वा दिनार. अक्षरे तीच, अर्थ हजारपट वेगळा. स्वित्झर्लंडमध्ये हजारांच्या जागी अपॉस्ट्रॉफीसारखे चिन्ह येते, फ्रेंचमध्ये अरुंद मोकळी जागा येते. हे नियम हाताने लिहिण्याचा मोह प्रोग्रामरांना होतोच, पण युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहात ते आधीच नोंदलेले आहेत आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर त्यावरून आकडा मांडून देतात. आम्ही हाताने लिहिलेला सगळा भाग काढून टाकला.

ग्राहकाचे चलन कोणी ठरवायचे

जुना रूपांतरक आयपी पत्त्यावरून चलन ठरवत असे आणि ग्राहकाला ते बदलता येत नसे. प्रवासात असलेला, व्हीपीएन (आपले खरे ठिकाण झाकणारी सेवा) वापरणारा किंवा परदेशातील नातलगाला भेट पाठवणारा ग्राहक त्यामुळे अडून बसत असे. भाषेवरूनही चलन कळत नाही: जर्मन बोलणारा ग्राहक युरोत पैसे देणारा असू शकतो किंवा फ्रँकमध्ये. देशावरूनही नेहमी कळत नाही. इक्वेडोरने २००० साली अमेरिकी डॉलर आपलेसे केले. त्यामुळे नव्या व्यवस्थेत आयपी पत्त्यावरून फक्त सुचवायचे, निवड ग्राहकाने करायची आणि केलेली निवड लक्षात ठेवायची, असे ठरले. युरोपीय संघाच्या २०१८/३०२ या नियमावलीने, जी ३ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे, ग्राहकाला त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय दुसऱ्या आवृत्तीकडे वळवण्यास मनाई केली आहे, आणि ती संघाबाहेरून तेथे विकणाऱ्या दुकानांनाही लागू होते. पण कायदा नसता तरी मी हेच सुचवले असते.

पानांच्या तात्पुरत्या साठ्याविषयी, म्हणजे कॅशेविषयी, थोडक्यात: पाने वेगाने मिळावीत म्हणून मधल्या सर्व्हरवर साठवली जात होती, आणि चलन वेब पत्त्यात नव्हते. त्यामुळे सकाळी पहिल्या आलेल्या ग्राहकाचे चलन पुढच्या सगळ्यांना दिसत राहिले. प्रत्येक चलनासाठी स्वतंत्र पत्ता केल्यावर हे थांबले, आणि शोधयंत्रांनाही प्रत्येक पानावर एकच ठाम किंमत मिळू लागली.

कर हा विषय याहून अवघड निघाला. अमेरिकेत किंमत सहसा विक्रीकर वगळून दाखवतात; युरोपीय संघात ९८/६ या निर्देशानुसार ग्राहकाला करासहित अंतिम किंमत दाखवावी लागते; जपानमध्येही १ एप्रिल २०२१ पासून करासहित एकूण किंमत दाखवणे बंधनकारक आहे. म्हणजे डॉलरच्या किमतीला नुसते दराने गुणून युरोची किंमत निघतच नाही. शिवाय चलन एक असले तरी कर एक नसतो. ६० युरोच्या एकाच वस्तूवर लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के कर वजा जाता दुकानाला ५१.२८ युरो उरतात आणि फिनलंडमध्ये २५.५ टक्के वजा जाता ४७.८१. देशागणिक युरोची किंमत बदलावी की एकच ठेवावी, यावर दोन बैठका झाल्या. एकच ठेवली. साडेतीन युरोचा फरक दुकानाला जाणवतो, पण एकाच चलनात शेजारच्या देशाला वेगळा भाव का, हे ग्राहकाला समजावण्यापेक्षा तो सोसणे बरे, असा संचालिकांचा निर्णय होता. मला स्वतःला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही. पोचवणीचा देश आधी विचारून तेथील करासहित किंमत दाखवणे अधिक बिनचूक झाले असते.

ज्या चलनांची किंमत झपाट्याने घसरते त्यांची पत्रके दुकानाने केलीच नाहीत. तेथील ग्राहकांना आजही डॉलरची किंमत ठळकपणे आणि शेजारी तारीख-वेळेसह स्थानिक चलनातील अंदाज दिसतो. ईस्टरच्या त्या तक्रारीनंतर दराची तारीख लिहिल्याशिवाय एकही अंदाज दाखवायचा नाही, हा नियम पक्का झाला.

परतावा

प्रत्येक ऑर्डरमध्ये आता रक्कम, चलन, पत्रकाची आवृत्ती, त्या वेळचा दर, दराचा स्रोत आणि वेळ यांची नोंद राहते. परतावा ऑर्डरवरूनच काढला जातो, त्या दिवसाच्या पत्रकावरून नाही. ७,१०० येन घेतले असतील तर ७,१०० येनच परत जातात. मधल्या काळात दर हलला असेल तर तो फरक जमाखर्चात विनिमयातील नफा-तोटा या खात्यावर पडतो. काही महिने तो दुकानाच्या बाजूने असतो, काही महिने विरुद्ध. जमाखर्चवाल्या सहकाऱ्यांना सुरुवातीला हे खाते मुळीच आवडले नव्हते. आता ते महिन्याच्या अहवालात स्वतःहून त्याची वेगळी ओळ देतात.

या नियमाला एकदाच अडचण आली. बल्गेरियातील एका ग्राहकाने डिसेंबर २०२५ मध्ये ८८.०० लेव्ह देऊन घेतलेली रंगपेटी जानेवारी २०२६ मध्ये परत पाठवली. १ जानेवारी २०२६ पासून तेथे युरो आला होता, आणि आमच्या प्रोग्रामरने नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी लेव्हची ओळ चलनांच्या तक्त्यातून काढून टाकली होती. परतावा अडला. ‘त्याच चलनात तेवढीच रक्कम’ असे आम्ही लिहून ठेवले होते, आणि ते चलन आता गेटवेकडेही नव्हते. येथे मात्र दराचा वाद नव्हता, कारण रूपांतराचा दर एका युरोला १.९५५८३ लेव्ह असा कायद्याने कायमचा ठरलेला आहे. ८८.०० भागिले १.९५५८३, म्हणजे ४४.९९ युरो. तेवढे परत गेले, आणि सोबतच्या पत्रात हा भागाकार जसाच्या तसा लिहून दिला. लेव्हची ओळ तक्त्यात पुन्हा घातली आणि तिच्यापुढे एक नवा रकाना जोडला: वापर बंद झाल्याची तारीख, त्यानंतरचे चलन आणि ठरलेला दर.